रूळ उचललेली वाट

माझ्या गॅरेजात आल्यावर चावीवाले काका आधी खिशात हात घालत आणि एखादा नट नाहीतर बोल्ट काढून माझ्यापुढे ठेवत. "कुनाचा सुटला बघ रे," म्हणत. रस्त्यात सापडलेला असायचा. मी वैतागून म्हणायचो, "काका, हायवेवरून दिवसभर गाड्या जातात. मी कुणाकुणाला विचारू?" त्यावर ठरलेलं उत्तर, "हा हितं पडलाय, म्हंजे तिकडं कायतरी हालतंय ना?" त्यांच्या बोल्टांनी भरलेला एक डबा अजून माझ्याकडे आहे आणि तो टाकवत नाही.

शहापूरच्या नाक्यावर माझं टेम्पोच्या बॉड्या बांधायचं आणि रंगवायचं काम. ते उंबरमाळीकडच्या एका पाड्यावर राहत. रेल्वेतून रिटायर झालेले चावीवाले. रुळांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज चालत बघत जायचं, सैल झालेली दिसली की हातोड्यानं ठोकायची, अशी त्यांची उभी नोकरी. सगळे त्यांना चावीवाले काका म्हणत. खरं नाव मलाही फार उशिरा कळलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी ते दूधवाल्याकडून घेतलेला जुना टेम्पो घेऊन आले. त्यात खाट पाहिजे, स्टोव्ह ठेवायला पेटी पाहिजे, पाण्याच्या पिंपाला तोटी पाहिजे. मी म्हटलं, "काय काका, काकीला घेऊन काशीला की काय?"

"काशीला समदीच जातात रे," ते म्हणाले आणि त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून माझ्यापुढे पसरलं.

त्यावर पेन्सिलीची एक लांब रेघ होती. घाट चढून दोन दिवस गेल्यावर एक छोट्या गाडीची लाइन होती, ती बंद पडली. रूळ उचलले, खडी लोकांनी नेली, आणि उरलेल्या सपाट वाटेवरून आता बैलगाड्या आणि सायकली जातात. तरुणपणी काकांची पहिली नोकरी त्या लाइनीवर. तिथल्या क्वार्टरमध्ये त्यांना पहिली मुलगी झाली आणि बारसं व्हायच्या आत गेली. क्वार्टरपासून थोडं पुढे, लाइनीच्या कडेला तिला पुरलं. मग बदली झाली. पुढे दोन मुलगे झाले, नोकऱ्यांना लागले, पण काकी त्या जागी परत कधी गेली नाही. आता तिचे गुडघे धरले होते. दहा पावलं चालणं कठीण.

"तिला येकदा तिकडं न्यायचंय," काका म्हणाले. "लाइनीलाइनीनंच. गावातून, बाजारातून नाय. तिला वळखीचं दिसलं पायजे."

मी पुष्कळ हौशी माणसं पाहिली, तुम्हीही पाहिली असतील, पण असा बेत आखणारा माणूस पाहिला नाही. पानावर विहिरी होत्या, सावलीची झाडं होती, गेटमनच्या चौक्या होत्या. एक दिवस ते हातात वीतभर काठी घेऊन आले. काकीचा पाय केवढा वर उचलतो ते मोजून तेवढी कापलेली. "पायरी हिच्यापरीस उंच नको." खिडकी मी नेहमीच्या उंचीवर काढली, तर म्हणाले, "तिनं निजून बघायचंय. खाली घे." मी चिडलो, दोनदा पत्रा कापला आणि खिडकी खाली घेतली. मधोमध भोक पाडलेली एक लाकडी खुर्चीही करून घेतली. ती कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गाडी चालवायला मला नेलं. काकी खाटेवर पडून खिडकीतून बघत होती आणि लाइनीला लागल्यावर तर तिचं तोंड थांबेना. "ओ, ही चिंच बघा केवढी झाली!" काका माझ्याशेजारी बसून पुढचं वळण, पुढचा चढ आधीच सांगत. एकही चुकला नाही.

आणि मग नदी आली. नदीत दगडी खांब उभे होते आणि खांबांवर काही नव्हतं. रुळांबरोबर पुलाचे गर्डरही उचलून नेले होते.

मी कागद बघितला. रेघ नदीवरून सरळ गेली होती. "काका, पूल?"

"पूल आमच्या बीटात नवता रे," ते हळूच म्हणाले. "पुलाची गँग येगळी होती."

चार महिने बेत आखला, आणि पूल दुसऱ्याच्या हद्दीतला म्हणून तो त्यांच्या डोक्यातच आला नाही. ते काठावरच खाली बसले. पलीकडे जायला गाडीरस्ता नव्हता, काठ उभा तुटलेला आणि पात्रात नुसते धोंडे. काकी आतून विचारत होती, "काय झालं हो?" मला त्यांची फार दया आली.

मग तेच उठले. खाटेचे बोल्ट स्वतः सोडले. जवळ दोन मेंढपाळ होते, त्यांना हात जोडले. आम्ही चौघांनी काकीला खाटेसकट उचललं आणि घोटाभर पाण्यातून निघालो. काकी वरून म्हणते, "मेल्यावर न्यायची ती जित्तेपणीच नेताव का रे?" मेंढपाळ इतके हसले की खाट डुगडुगली.

क्वार्टरचा नुसता चौथरा उरला होता. तिथून काका खाटेचा पुढचा कोपरा धरूनच रुळांखालच्या स्लीपरच्या मापानं पावलं मोजत पुढे, बाकीचे कोपरे धरून आम्ही. मध्येच काकी ओरडली, "थांबा. हितंच."

"आजून धा ऱ्हायलीत गो."

"ऱ्हाऊ द्या. मला ठावं हाय."

मापात इंचभर चूक न खपवणारा तो माणूस तिथेच थांबला. आम्ही खाट खाली ठेवली. काकी कुशीवर वळली, मातीला तोंड लावलं आणि बारशाला बाळाच्या कानात सांगतात तसं कुर्रर्र करून म्हणाली, "मंजुळा." काका टोपी काढून उभे होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

परत आल्यावर त्यांनी टेम्पोच्या कपाळावर ते नाव माझ्याकडून लिहून घेतलं.

काका गेले, त्यानंतर वर्षभरात काकीही गेली. टेम्पो त्यांच्या पुतण्याकडे आहे, मुरबाडच्या बाजाराला भाजी नेतो. दर दिवाळीआधी रंगाला येतो, आणि बाकी काही करायच्या आधी मी नाव उजळतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मंजुळा कोण? मालकाची मुलगी का?"

"हो," मी म्हटलं. "थोरली."