बाईंची कड्यावरची सहल

कोणी काही दिलं, की बाई ते आधी खालून बघायच्या. शिऱ्याची वाटी नेऊन दिली तर ती डोळ्यांच्या वर धरून तिचं बूड तपासायच्या. मग मान जराशी कलती करून विचारायच्या, "कारण?"

तेवढा एकच शब्द. आता शेजारणीने शेजारणीला वाटीभर शिरा का द्यावा याचं कारण तुम्ही-आम्ही काय सांगणार? पहिल्या दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हाही तेच.

"कारण?"

"दिवाळी आहे ना, बाई."

"ते झालं. आणखी?"

दोन मिनिटं त्यांनी मला तशीच ताट धरून उभी ठेवली आणि मग ताट आत घेतलं. दुसऱ्या दिवशी धुतलेलं ताट परत आलं, त्यात चार करंज्या होत्या. "तुझ्यापेक्षा माझ्या खुसखुशीत आहेत. खाऊन बघ आणि खरं सांग." खरंच होत्या, पण मी ते कबूल केल्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीब थोर.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. सिल्वासात मराठी शाळेवर गणित शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे विद्यार्थी आता आमच्या खडोलीच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते सांगतात, फळ्यावर उत्तर बरोबर आलं की बाई विचारायच्या, "बरोबर आहे. कोणाचं?" नवरा लवकर गेला. मुलगा एकच, तो बंगळूरला. जिन्यापलीकडच्या घरात बाई एकट्या राहत, आणि मी जळगावकडून लग्न होऊन इथे आले तेव्हापासून माझ्यावर बारीक नजर ठेवून असत.

एका संध्याकाळी बाई माझ्या दारात आल्या आणि त्यांनी हातातला फोन माझ्या नाकासमोर धरला. "वाच. आणि सांग, तुला यात काय दिसतं."

मुलाने वाढदिवसाची भेट पाठवली होती. दिवसभरासाठी खाजगी गाडी, ड्रायव्हरसकट. समुद्रावरचे कडे दाखवणार, तिथेच जेवण, संध्याकाळी परत घरी. दोन माणसांची सोय.

"छान आहे की!"

"वरवर बघतेस. आजवर वाढदिवसाला साडी यायची. यंदा गाडी. कारण?"

मग बाई माझ्या सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी कारण सांगितलं. ते त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. त्यांच्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीला तिच्या मुलाने 'हवापालट' म्हणून गाडीत घातलं आणि नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. ती परत आलीच नाही. घराला कुलूप, मग घरात दुसरीच माणसं. आणि गेल्या महिन्यात बाईंचा मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, तिथे एकटी किती दिवस राहणार आहेस?"

"म्हणजे ठरलंय त्याचं," बाई म्हणाल्या. "मी त्याला नको झालेय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण हातातला फोन त्यांनी उगाचच पदराने पुसला. मला त्यांच्या मुलाचा राग आला. खरं तर मी त्याला तेव्हा एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

"नका जाऊ मग."

"न जाऊन कसं कळणार? दोन माणसांची सोय आहे. तू साक्षीदार म्हणून चल."

जायच्या दिवशी सकाळी बघते तो बाई स्टुलावर चढून मेन स्विचमधला फ्यूज काढत होत्या. आमची इमारत जुनी, फ्यूज अजून चिनी मातीचे. तो रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समध्ये टाकला. "मी नसताना कोणी घर बघायला आलं तर अंधारात बघू देत." फ्रिजमधलं दूध माझ्या फ्रिजमध्ये आलं. पातेल्यावर बाहेरून पेन्सिलीने रेघ मारलेली होती, दूध कुठपर्यंत आहे त्याची.

ड्रायव्हर दिलीप, जवळच्याच गलोंडा गावचा. पांढरा कडक गणवेश, तोंडभर हसू. त्याने धावत येऊन बाईंसाठी दार उघडलं, तिथेच त्याचं चुकलं.

"दार तू का उघडतोस?"

"कंपनीचा रूल हाय, बाई."

"डिकी उघड."

डिकीत घडीची चाकाची खुर्ची होती. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती तिथे ठेवली होती.

"सीनियर पॅकेजमध्ये येते ती," दिलीप म्हणाला. "तुमच्या मुलानेच टिक केलंय ने. टेन्शन नका घेऊ."

बाई मागे बसल्याच नाहीत. पुढच्या सीटवर बसून त्या रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होत्या. नरोली झालं, भिलाड झालं, गाडी महामार्गाला लागून दक्षिणेकडे निघाली. तलासरीच्या पुढे दिलीपने गाडी आत वळवली.

"वळलास का?"

"बाई, रस्ताच वळला."

"रस्ता वळला म्हणून तूही वळशील?"

दिलीपने आरशातून माझ्याकडे दयेची याचना केली. मी खिडकीबाहेर ताडाची झाडं बघत राहिले. पण संशय शेजारून लागतो. हा माणूस इतकं गोड का बोलतोय, दर थोड्या वेळाने कोणाला मेसेज करतोय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

कडे मात्र खरोखर होते. जागेचं नाव सांगत नाही, तिथे अजून गर्दी पोचलेली नाही. माळावर चालत जावं आणि पायाखालची जमीन एकदम संपावी. खाली काळा खडक, त्यावर पांढरं फुटणारं पाणी, आणि वारा असा की बोललेलं तोंडात परत यावं. मी नुसती बघत राहिले. बाईंनी कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"कठडा नवीन आहे. कोणीतरी पडलं असणार."

जेवायच्या जागी गाडी थांबली तेव्हा मात्र माझंच अवसान गेलं. लांबलचक बैठी इमारत, समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा, व्हरांड्यात ओळीने खुर्च्या आणि खुर्च्यांवर म्हातारी माणसं. दारावर पाटी, 'ज्येष्ठ नागरिक निवास'.

बाईंनी मागे हात करून माझं मनगट धरलं. आयुष्यभर ज्या बाईने सगळ्यांवर संशय घेतला, तिला एकदा तो खरा ठरल्यावर आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"आईची आण, बाई!" दिलीप रडकुंडीला आला. "इथे फक्त जेवण हाय. यांचं किचन बाहेरच्या पार्टीला जेवण देते, मी दर रविवारी घेऊन येतो. उतरा ने!"

"मी उतरणार नाही."

एवढ्यात एक उंच, वाळलेले आजोबा काठी टेकत गाडीपाशी आले. कस्टममधून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. ते खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "उतरू नका. मीही असाच जेवायला म्हणून उतरलो होतो."

दिलीपने कपाळावर हात मारला.

"जेवण कसं आहे?" बाईंनी काच थोडी खाली करून विचारलं.

"डाळ पातळ. मुद्दाम."

"कारण?"

"पातळ डाळीने माणूस लवकर झोपतो. झोपला की तक्रार करत नाही."

"तसं नसतं," बाई म्हणाल्या. "पातळ डाळीने उलट भूक लागते. भूक लागली की माणूस जागा राहतो."

"तुम्ही खाल्लीत इथली डाळ? मग कशावरून म्हणता?"

हे सिद्ध करायला बाईंना गाडीतून उतरावं लागलं.

जेवण झालं तरी वाद संपेना. डाळीवरून ते तिथल्या व्यवस्थापिकेच्या गोड हसण्यावर गेले, तिथून कठड्यावर. आजोबा म्हणाले, कोणी पडलं नाही, पडावं म्हणूनच तो इतका बुटका बांधलाय. बाई म्हणाल्या, तुमचं गणित कच्चं आहे. आजोबा म्हणाले, तुमची नजर. बाकीच्या आज्या खुर्च्या सरकवून ऐकायला बसल्या. आणि मग आजोबांनी समुद्राकडे काठी रोखून सांगितलं, "याचंही काही खरं नाही. भरतीला सांगितल्या वेळी येत नाही." तेव्हा बाई हसल्या. चांगल्या तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दिलीपने आम्हाला आमच्याच दारात आणून सोडलं. बाईंनी स्टुलावर चढून फ्यूज बसवला, दिवा लागला, घर जसंच्या तसं होतं. त्या दिव्याखाली त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. "म्हणजे सहलच होती म्हणायची," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांचा थोडा विरस झालाय.

पुढे काय झालं ते आमच्या इमारतीत अजून कोणाला पटत नाही. बाईंनी आपण होऊन दिलीपला फोन केला आणि पुन्हा तिथे गेल्या. मग पुन्हा. आणि मग एके दिवशी पोळपाट-लाटणं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मी तिकडे राहायला चाललेय."

आता विचारायची पाळी माझी होती. "कारण?"

"इथे सगळे मला हो म्हणतात," बाई म्हणाल्या. "तूसुद्धा. म्हातारी आहे, कशाला वाद घाला. अगं, दिवसातून एकदा तरी माणसाला कोणीतरी नाही म्हणायला हवं."

मी दुखावले. खोटं कशाला बोलू? वाद नको म्हणून मी खरंच हो म्हणत आले होते, आणि त्यालाच चांगुलपणा समजत होते.

त्या गेल्या त्या आठवड्यातच मुलाचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आईला हे कोणी शिकवलं? तुमचा यात काय फायदा?" आवाज पुरुषाचा, पण ऐकताना मला वाटलं, बाईच बोलताहेत.

पुढच्या शनिवारी तो येऊन थडकला. दिलीपच्याच गाडीने आम्ही निघालो, आणि वाटेत "इथे का वळलात?" हेही त्याने विचारलंच. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला, बसायलाही तयार नाही.

"घरी चल."

"कोणाच्या?"

"माझ्या! खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी. म्हणून तर विचारलं होतं, एकटी किती दिवस राहणार आहेस. आणि तू इथे येऊन बसलीस. लोकांना वाटेल मीच टाकलं तुला."

बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग चल माझ्याकडे, असं सरळ का नाही म्हणालास?"

"म्हटलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

बाई समुद्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी इथे बरी आहे. खोलीला रंग कोणता दिलायस?"

"पिवळा. तुला आवडतो तो."

"येईन कधीतरी बघायला," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बसला होता. तलासरीच्या जवळ आल्यावर मागून आवाज आला, म्हणून मी वळले. तो रडत होता. मोठा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, दोन्ही हातांत तोंड घालून. दिलीपने न सांगता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आम्ही दोघं समोर रस्त्याकडे बघत बसलो.

इमारतीपाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तो किल्ली घेऊन आईच्या बंद घराचा जिना चढून गेला. मी खालीच होते तोवर माझा फोन वाजला.

"पोचला का?" बाई.

"हो, पोचले ते."

"गाडीत काय म्हणाला?"

"काही नाही, बाई. ते रडले."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस."

"नाही हो."

"दिलीपला फोन दे."

मी दिला. दिलीप गाडीला टेकून ऐकत होता. "हां, बाई," तो म्हणाला. "हां, खरं. बहुत रडले. मी गाडी साइडला घेतली होती. नाही, मॅडमने नाही शिकवलं मला. आईची आण." मग त्याने फोन माझ्याकडे दिला.

मला वाटलं, आता त्या तिसरा साक्षीदार मागतील. पण बाईंनी काहीच विचारलं नाही. फोन बंद झाला की काय म्हणून मी बघणार, एवढ्यात त्यांचा आवाज आला, घसा खाकरून साफ केलेला.

"घरात काही नाही. रात्री त्याला तुझ्याकडे जेवायला घाल. भूक नाही म्हणेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."