नाना पहाटेपासून बंद

आता हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आमच्या नानांना मी मारलं, आणि तेही बिनतारी. म्हणजे नाना ठणठणीत आहेत, आत्ता फुलंब्रीच्या शेतात आल्याला पाणी देत असतील. पण त्या दिवशी करमाडपासून दौलताबादपर्यंत ते गेल्याची पक्की खबर होती, आणि खबर देणारा मी.

नाना म्हणजे माझे काका. त्यांचं शेत पडतं खोलगट जागी, तिथं मोबाईलला रेंज म्हणून नाही. फोन लावायचा तर टेकाडावर चढायचं, आणि मागच्या वर्षी छातीत ते ठोके सांभाळायचं मशीन बसवल्यापासून डॉक्टरांनी टेकाड बंद केलेलं. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. म्हटलं, एवढं शिकवतो तर घरच्यांसाठीही काहीतरी करून दाखवावं.

मी रेडिओचे छोटे डबे जुळवले, साबणाच्या डबीएवढे. सिम नाही, टॉवर नाही. एक डबा दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक डब्याला एकेकाचा मोबाईल जोडलेला. एक डबा गारखेड्यात माझ्या गच्चीवर, एक करमाडला आत्याच्या घरावर, एक दौलताबादला बशीरचाचांच्या सीताफळाच्या बागेत, आणि एक नानांच्या पाण्याच्या टाकीवर. बशीरचाचा म्हणजे नानांचे तरुणपणापासूनचे दोस्त. माझ्या मोबाईलवर सगळ्या डब्यांची यादी दिसायची. कोण चालू, कोण बंद, कुणाची बॅटरी किती. तिथूनच नावं द्यायची, तिथूनच सेटिंग बदलायचं. साहेबपणा करायला एवढी चांगली जागा मला कॉलेजातही कधी मिळाली नव्हती.

डब्यांना आधी कसली तरी अक्षरं आणि आकडे होते. मी ते खोडून सरळ माणसांची नावं दिली. ‘आत्या’, ‘चाचा’, ‘नाना’. किती आपुलकीचं वाटतं, नाही का?

त्या रविवारी सकाळी चहा घेऊन गच्चीत बसलो आणि यादी उघडली. आत्या चालू. चाचा चालू. नाना बंद.

मी पडलो यंत्रणेचा प्रमुख. बिघाड झाला तर सगळ्यांना कळवायला नको? रेडिओवर निरोप आखूड लागतो, म्हणून मोजक्या शब्दांत लिहिलं: “नाना पहाटेपासून बंद. खूप हाका दिल्या, उत्तर नाही. बॅटरी संपली.”

यात काय चुकलं, तुम्हीच सांगा. छातीतल्या मशीनलाही बॅटरी असते, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आत्याच्या मात्र तेवढंच ध्यानात होतं.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. “देवा. लई तरास झाला का रं?”

मला वाटलं, आत्या माझी विचारपूस करतेय. बरं वाटलं. लिहिलं, “नाही. आठवडाभर हळूहळू उतरतच होती. जुना माल, बदलायचाच होता.”

मग चाचांचं आलं. “हम आते. तुम अकेले क्या क्या करोगे?”

“कशाला येता? मी एकटा खाली उतरवतो. दुपारपर्यंत आटपून जाईल.”

यावर दोघांकडूनही काही आलं नाही. माझा झपाटा बघून गप्प झाले असतील, असा माझा समज.

मी नवी बॅटरी पिशवीत टाकली आणि स्कूटरवर निघालो. इकडं आत्यानं माझ्या घरी फोन केला. बायको, वैशाली, भाकरी थापत होती. आत्यानं एवढंच विचारलं, “दिनू निघाला का गं?”

वैशाली म्हणाली, “हो, घाईतच गेले. वाटेत बांबू आणि सुतळी घ्यायचीय म्हणत होते.”

अँटेना उंच करायला बांबू लागतो, हे वैशालीला माहीत होतं. पलीकडं काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. वैशालीनं भाकरी उलटली.

मी शेतावर पोचलो तेव्हा नाना पार पलीकडच्या बांधाला होते. शिडी लावून टाकीवर चढलो, डब्याची बॅटरी बदलली, आणि तपासायला माझा मोबाईल त्याच डब्याला जोडला. यादीत नाना चालू झाले. समाधानानं अँटेना बांबूला बांधायला घेतली, तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली.

जीपमधून आत्या, आत्याचे यजमान आणि करमाडची चारपाच माणसं उतरली. डोक्यावर टोप्या, खांद्यावर उपरणी, माना खाली. मागोमाग मोटरसायकलवर चाचा, हातात झेंडूचा हार. आत्यानं वर पाहिलं, माझ्या हातातला बांबू पाहिला, आणि तिथंच मातीत बसली. पदर डोळ्यांना लावून तिनं जो सूर काढला, तो आल्याच्या वाफ्यापर्यंत गेला.

तो ऐकून नाना धावत आले. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. बहीण रडतेय म्हटल्यावर त्यांनी काही विचारलंच नाही. शेजारी बसले, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि स्वतःही रडायला लागले. त्यांना वाटलं, आत्याचे यजमान गेले. यजमान समोरच जीपला टेकून उभे होते, पण नानांचे डोळे भरलेले, दिसणार कसं?

मी खाली उतरलो. कुणीतरी गेलंय एवढं कळत होतं. चेहरा जमेल तेवढा गंभीर केला आणि चाचांजवळ जाऊन हळूच विचारलं, “कोण गेलं, चाचा?”

चाचा नानांकडं बघत होते, तोंड उघडं. “तुमीच बोले ना नाना गए करके,” ते म्हणाले, आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

माझा निरोप मी तेव्हा पहिल्यांदा माणसासारखा वाचला.

तिकडं नाना आत्याची समजूत घालत होते. “रडू नको बाई. मी हाय ना तुला.”

“तूच तर न्हाईस रं आता,” आत्या पदरातून म्हणाली, आणि मग तिनं पदर खाली घेतला.

नानांचा चिखलानं भरलेला हात तिनं चाचपून बघितला. माझी भीती वेगळीच होती. या माणसाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी नानांच्या छातीकडं बघत उभा. नानांनी चाचांचा मोबाईल घेतला, लांब धरला आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

“जुना माल व्हय मी?”

“नाना, ते डब्याचं...”

“सख्खा काका हाय तुझा,” आत्या म्हणाली. “आन म्हणतो, दुपारपर्यंत आटपून जाईल.”

नानांनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. मग चाचांच्या पाठीमागं लपवलेला हार त्यांना दिसला. “ह्यो कुणासाठी, बशीर?”

“तुमकूच लाया था,” चाचा खाली बघून म्हणाले.

“मग घाल की.” नानांनी मान वाकवली. चाचांनी हार घातला. तेवढं बघून मला हायसं वाटलं. नाना चिडलेले नव्हते.

पण आत्या एकदम उठली. “अरं, माझा मोबाईल घरीच पडलाय. सूनबाई त्याच्यावरनं समद्या पावण्यांना कळवतीय. थांबीव तिला.”

इथं रेंज कुठली? पण मी कशाला घाबरतो? माझी यंत्रणा होती ना. ताबडतोब आत्याच्या डब्याला निरोप धाडला: “मी पोचलो. इथं सगळं छान आहे. कुणी यायची घाई करू नका. आत्यापण इथंच आहे.”

माझा डबा गारखेड्यात आहे आणि मोबाईल नानांच्या डब्याला जोडलेला आहे, म्हणजे निरोप नानांच्या नावानं जाणार, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्तरला उत्तर आलं तेव्हा कळलं.

“नानामामा,” सूनबाईनं लिहिलं होतं, “आत्याबाई तर आत्ता जीपमधनं धड गेल्या होत्या. वाटंत काय झालं हो?”

मी खुलासा लिहीपर्यंत करमाडहून दुसरी जीप निघाली होती. आत्यासाठी.