ताईची आठी आणि पस्तीसची लेन्स

गल्लीत त्या दोघी बहिणींना कुणी नावानं हाक मारली नाही. धाकटी फोटो काढायची म्हणून फोटोवाली, आणि थोरली ते फोटो साफसूफ करायची म्हणून पेन्सिलवाली. स्टुडिओ वडलांचा. त्यांच्या माघारी दोघींनी चालवला. धाकटीनं लग्नाच्या भानगडीत पाऊलच टाकलं नाही. ताईचं झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि मुलाला कडेवर घेऊन ती परत आली, ती स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत कायमची राहिली.

फोटोवालीचं काम जगाला दिसायचं. पेन्सिलवालीचं काम दिसलं, तर ते बिघडलं असं समजायचं. आतल्या खोलीत खिडकीशी तिचं तिरकं डेस्क होतं. मधे काच, काचेखाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून ती बारीक बारीक ठिपके देत बसायची. मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं बिनबोभाट गायब. गिऱ्हाईक बाहेर म्हणायचं, काय सुंदर काढलाय हो फोटो. धाकटी मान डोलवायची. ताई आतून ऐकायची आणि पेन्सिलीला टोक काढायची. ते टोक काढणं बघण्यासारखं होतं. ब्लेडनं लाकूड उतरवायचं, शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढायचं, मग पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवून सुईसारखं करायचं आणि उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करून बघायचं.

आता हात चालायला लागला की थांबत नाही, हे खरं. एकदा बोटीवर नोकरीला निघालेला एक माणूस कागदपत्रांसाठी फोटो काढून गेला आणि दोन दिवसांनी लालबुंद होऊन परत आला. कागदावर ओळखीची खूण लिहिली होती, डाव्या गालावर तीळ. गालावर तीळ होता. फोटोत नव्हता. ताईनं सवयीनं उडवला होता. तिनं मुकाट्यानं काळी शाई घेतली आणि फोटोवर झकास तीळ काढून दिला. तो माणूस तिसऱ्यांदा आला तेव्हा रडकुंडीला आलेला. शाईचा तीळ उजव्या गालावर पडला होता. निगेटिव्हवर काम करायचं ते खरखरीत बाजूनं, आणि तिथं आरशासारखं डावं ते उजवं दिसतं. ताईला जन्मभर माणसं उलटी बघायची सवय. त्या माणसानं हात जोडले. म्हणाला, बाई, नवा फोटो काढा, पण माझ्या तोंडाला हात लावू नका.

गल्लीत हा किस्सा वर्षानुवर्षं पुरला.

एक फोटो मात्र असा होता की त्यावर त्या दोघी आपसात हसायच्या नाहीत. तो आईचा. वडलांनी काढलेला, आणि ताई काम नवीनच शिकली होती तेव्हा तिनं जीव ओतून साफ केलेला. आईचं कपाळ पार सोललेल्या अंड्यासारखं झालं. तेव्हा आई समोर चालती बोलती होती, म्हणून सगळे हसले, आई स्वतः सगळ्यात जास्त. पुढे आई गेली, आणि भिंतीवर ती गुळगुळीत बाई तेवढी उरली. आई लोकांचे कपडे शिवायची. सुईत दोरा ओवताना तिच्या एका भुवईवर तिरपी आठी पडायची. कोणत्या भुवईवर, यावरून बहिणींचं वाजायचं. ताई म्हणायची उजव्या, धाकटी म्हणायची डाव्या. तीळवाल्याचं नाव निघालं की ताई गप्प व्हायची. खरं तर दोघींनाही नक्की आठवत नव्हतं, आणि विचारायला तिसरं कुणी राहिलं नव्हतं.

मग घरोघर कॅमेऱ्याचे फोन आले आणि जो तो आपलाच फोटोवाला झाला. स्टुडिओत गिऱ्हाइकांपेक्षा पाली जास्त दिसायला लागल्या. पुढची खोली दोघींनी एका शिंप्याला दिली. ताईचे गुडघे बोलायला लागले, जिने चढवेनात, तेव्हा दूरच्या गावी नोकरीला असलेला तिचा मुलगा म्हणाला, आई, आता माझ्याकडे चल. मावशीलाही म्हणाला. मावशी म्हणाली, मला माझ्या भिंती पुरेत. तेव्हा त्या शहाण्या पोरानं काय करावं? मावशी एकटी पडणार, तिच्या हाताला काहीतरी हवं, म्हणून तिला एक नवा कॅमेरा आणून दिला. ती तरुणपणी वापरायची तसाच, छोटा, जड, वरच्या कोपऱ्यात खिडकी असलेला. खिडकीतून बघितलं की माणसाच्या दोन सावल्या दिसतात. लेन्सची कडी फिरवत गेलं की एक सावली दुसरीत जाऊन बसते. बसली, की समजायचं नेम लागला. फक्त आत आता रोल नव्हता. भाचा म्हणाला, मावशी, हा चेहऱ्यावरची लवसुद्धा टिपतो, आणि सहा कोटी का किती ठिपक्यांचा आकडा सांगितला. ताई म्हणाली, एवढे तर माझ्या डोक्यावर केस उरले नाहीत.

लेन्स मात्र त्यानं घेतली नाही. म्हणाला, एकच घ्यायची आहे, ती तू निवड. जन्माची सोबत मी कशी निवडू? पूर्वी धाकटीला रोल विकणाऱ्या दुकानदारानं ओळखीवर तीन लेन्स घरी दिल्या. बघा वापरून, एक ठेवा, दोन परत करा. रविवारी ताई जाणार होती, त्याआधी काय ते ठरवायचं होतं.

धाकटीच्या मनात लेन्स निवडायची म्हणजे एकच गोष्ट होती. ताईचा फोटो. गावभरच्या लोकांचे फोटो काढले, पण ताईचा एक नाही. ताई कॅमेऱ्यासमोर बसायचीच नाही. म्हणायची, माझा फोटो साफ कोण करणार, मीच? झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारनंतर या घरात ताईचा आवाज नसणार, चेहरा तरी असावा, एवढंच धाकटीचं मागणं होतं. जी लेन्स ताईला पकडून देईल ती ठेवायची.

पहिली लेन्स नव्वदची, म्हणजे नव्वद मिलिमीटरची, लांबूनचा चेहरा काढणारी. स्टुडिओत ठीक होतं, तिथं मागे सरकायला जागा होती. इथं मागच्या खोलीत धाकटी मागे मागे जात दारातून बाहेर गॅलरीत गेली, तरी चौकटीत ताईचं नाक आणि अर्धा कान. शिवाय नाकापेक्षा मोती जड, कॅमेरा सारखा पुढे कलायचा. तरीही तिनं नेटानं बरेच फोटो काढले आणि मागच्या पडद्यावर बघितलं, तर सगळे काळेकुट्ट. लेन्सचं झाकण काढलंच नव्हतं. या कॅमेऱ्यात खिडकीतून वेगळंच दिसतं, झाकण असो नसो, त्यामुळे कळत नाही. ताईनं काळा पडदा हातात घेऊन नीट निरखून बघितला. म्हणाली, "हा चांगला आलाय. हाच ठेव."

दुसरी लेन्स पन्नासची, जुनी, कुणाची तरी वापरलेली. आत थोडी धूसर. तिनं काढलेला फोटो बघताच दोघींना वडलांचा स्टुडिओ आठवला. उजेड कसा साय धरल्यासारखा. ताईला ती फार आवडली. ही माझ्या वळणाची आहे म्हणाली, पेन्सिल न घेताच काम करते. आणि काय नवल, शनिवारी सकाळी स्वतःहून खुर्चीत बसली. मान कशी ठेवायची, हनुवटी किती, सगळं तिला पाठ. धाकटीनं फोटो काढला. सुरेख आला. आठी नाही, सुरकुती नाही, डोळ्यांखाली काही नाही. ताई खूश. भाचा म्हणाला, मावशी, ठरलं मग, हीच.

धाकटी हो म्हणाली. पण चहा घेताना तिची नजर भिंतीवर गेली. तिथं आई होती, अंड्यासारखी. मग तिनं हातातल्या कॅमेऱ्यात ताई बघितली. आणखी दहा वर्षांनी आपण हा फोटो बघू आणि ताई नक्की कशी होती ते आठवणार नाही. तेव्हा भांडायलाही कुणी असणार नाही. कुणाला काही न बोलता तिनं जुनी पन्नास कॅमेऱ्यावरून उतरवून ठेवली.

तिसरी लेन्स पस्तीसची, कोरी, तिला हातच लागला नव्हता. दुकानदार म्हणाला होता, ही कुणाची भीड ठेवत नाही, आणि हिच्यासाठी जवळ जावं लागतं. जवळ जाणं धाकटीला जमायचं नाही. वडलांची शिकवण होती, गिऱ्हाइकाच्या श्वासात उभं राहायचं नाही. जन्मभर ती सगळ्यांना लांबूनच बघत आली होती. अगदी ताईलाही. एक पुढच्या खोलीत, एक मागच्या.

दुपारी ताई आपला पेन्सिलींचा डबा आवरायला बसली. नेणार नव्हती, पण ठेवायचा तर नीट ठेवायचा. एका पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. आता ते टोक कुणाला हवं होतं? पण सवय. तिनं ब्लेड घेतलं, शिसं घासलं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून एक डोळा बारीक केला. धाकटी पस्तीस लावून तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर जाऊन बसली. कॅमेऱ्याच्या खिडकीत दोन ताया दिसल्या. कडी फिरवली, एक झाली. झाकण काढलंय ना, ते तिनं बोटानं चाचपलं. मग बटण दाबलं.

ताईनं चिडून कॅमेरा ओढून घेतला. पडद्यावर स्वतःला बघून म्हणाली, मेला चहाडखोर आहे हा. एकेक सुरकुती, ओठावरची लव, हनुवटीवरचा चुकार केस, काही म्हणून सोडलं नव्हतं. भाच्यानं शिकवलं होतं तसं तिनं चाक फिरवून चेहरा मोठा केला, काय काय उडवावं लागेल ते बघायला. गालावरून डोळ्यावर आली. डोळ्यावरून कपाळावर. आणि भुवईवरच्या तिरप्या आठीशी थांबली.

मग उठली, गुडघे धरत धरत आरशापुढे गेली, पेन्सिल उजेडाकडे धरली तशी धरून एक डोळा बारीक केला. परत येऊन पडद्याकडे बघितलं. आरशात ती आठी उलट्या बाजूला होती. म्हणून तर इतकी वर्षं आरशात कधी दिसली तरी तिला ती ओळखू आली नाही. समोर बसलेल्या माणसाला जशी दिसावी तशी ती आज पहिल्यांदा दिसत होती.

"उजवी," ताई म्हणाली. "आईची उजवी भुवई. मी म्हणत होते."

धाकटीनं वाकून बघितलं. तिरपी आठी, सुईत दोरा जाईपर्यंत दम धरून राहणारी. मघाशी भांडायला कुणी उरणार नाही म्हणून जीव कासावीस झाला होता, आणि आता भांडण हरल्याचं तिला इतकं सुख झालं, की ताईनंच तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी भाच्यानं मोठा फोटो छापून आणला. ताईनं तो डेस्कवर ठेवला, टोक काढलेली पेन्सिल उचलली. ताईनं हनुवटीवरच्या केसाकडे बघितलं, पेन्सिल तिथपर्यंत नेली, आणि डब्यात टाकून झाकण लावलं.

"पस्तीसच ठेव," ती म्हणाली. "बाकीच्या दोन परत कर. पण शेजारणींवर ही रोखू नकोस बाई. शेजार राहायचा नाही."

रविवारी ताई गेली. जाताना भिंतीवरचा आईचा फोटो तिनं काढून घेतला. तिकडच्या घरात हा नवा आहे, पणजीला आठी होती हे नातवंडांना काय माहीत, मी सांगेन, म्हणाली. त्याच खिळ्यावर धाकटीनं ताईचा फोटो लावला. तो आईच्या फोटोपेक्षा थोडा लहान निघाला, त्यामुळे चहूबाजूंनी आईच्या फोटोमागे राहिलेला भिंतीचा जुना, उजळ रंग दिसतो. भाचा म्हणाला होता, मोठी चौकट करून पाठवतो. धाकटीनं नको सांगितलं.