पाणी आमच्याकडे येत नाही

आईच्या पलंगामागची भिंत बुरशीने काळी पडली आणि तिचा दमा बळावला, तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरी एक बुरशीतज्ज्ञ आले. टाय लावलेले. बूट न काढता त्यांनी वरून निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, भिंतीला नाक लावलं आणि अत्तराच्या दुकानात उभं असल्यासारखं डोळे मिटून श्वास घेतला.

"जुनी आहे," ते कौतुकाने म्हणाले.

तेवढ्यात वरच्या एसीतून त्यांच्या खांद्यावर थेंब पडला. मान वर न करता ते जरा बाजूला सरकले. दुसरा पडला, तेव्हा आणखी सरकले.

"अहो, हेच पाणी भिंतीत मुरतंय ना!" आई म्हणाली.

"काकू, पाणी आमच्याकडे येत नाही. आम्ही फक्त बुरशी बघतो."

आपला विषय कुठे संपतो, हे इतकं नेमकं ठाऊक असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आदल्या आठवड्यात येऊन गेलेला एसीवाला तरी, पाइप भिंतीच्या आतून गेलाय आणि भिंत फोडणं त्याचं काम नाही, असं सांगताना थोडा ओशाळला होता.

आईला खोकल्याची उबळ आली. तज्ज्ञ अदबीने थांबले आणि ती ओसरल्यावर, दरवर्षी औषध फवारून भिंत कशी 'मेंटेन' करायची ते समजावू लागले.

आईने उठून एसी बंद केला. "खिडकी उघड रे, पंखाही लाव," ती मला म्हणाली.

तज्ज्ञ दचकले. "अहो काकू, असं केलंत तर बुरशी सुकून जाईल!"