टाकी उघडी असताना

कोलशेतच्या त्या मेकॅनिकला गिऱ्हाइकाचा अपमान केल्याशिवाय हातात पाना धरवत नाही. वडिलांची जुनी मोटार मी त्याच्याकडे नेली, तेव्हा त्याने पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, ही टाकी नाही, गंजाची बरणी आहे. वडिलांनी गाडी दिली की सूड घेतला?"

या गाडीची नवी टाकी कुठे मिळेना, म्हणून जुनीच साफ करून तळाची भोकं बुजवायची ठरली. टाकी खाली उतरवून तो उरलेलं पेट्रोल डब्यात काढत होता, तेवढ्यात जागेचे मालक आले. गॅरेज त्यांच्याच जमिनीवर आहे. त्यांना सगळे शेठ म्हणतात, तेही वाकून. शेठच्या ओठांत पेटती सिगारेट होती. हा उठला, ती सरळ त्यांच्या तोंडातून काढली आणि स्वतःच्या चहात बुडवली.

"माजेच जागंन माजी सिगारेट काढतंस?" शेठ ओरडले.

"जागा तुमचीच आहे, शेठ. पण वर गेल्यावर तिचं करणार काय?"

शेठ शिव्या देत निघून गेले. मग हा एका टायरवर बसला. "आता दुसरी जागा बघायला लागेल," एवढंच म्हणाला.

आठवड्याने मी गाडी न्यायला गेलो, तेव्हा शेठ फाटकाबाहेर उभे होते. हातातली सिगारेट पाठीमागे धरून विचारत होते, "येव का रं आत?"

"आधी ती विझवा," आतून आवाज आला, "आणि चहा घेऊन या. माझा एक बाकी आहे."