साळूबाईची सवत

बन्सीनं तीस वर्षं गँगमन म्हणून रेल्वेचे रूळ सांभाळले आणि साळूबाईनं तितकीच वर्षं त्याची वाट बघितली. रिटायर झाल्यावर तरी तो आपल्या वाट्याला येईल, असं तिला वाटलं होतं. पण त्यानं राणी नावाची कुत्री पाळली. पाठोपाठ तिचं पिल्लूही घरात आलं.

मुकुंदवाडीत रुळांच्या कडेनं सिमेंटचा सपाट रस्ता झाला, तशी रोज संध्याकाळी सगळी तिथं फिरायला जाऊ लागली. नात श्रेया पिल्लामागं पळायची आणि बन्सी वाटभर राणीशी बोलायचा. "दमलीस का गं?" असं त्यानं आपल्याला कधी विचारलेलं साळूबाईला आठवेना. तिचा जीव जळायचा.

एकदा गुडघा दुखला म्हणून ती कठड्यावर टेकली. बन्सी आपल्याच नादात पुढं गेला. राणी मात्र रस्त्यात बसली, काही केल्या हलंना. तेव्हा कुठं त्यानं मागं बघितलं.

परत येऊन तो कौतुकानं म्हणाला, "राणीच्या ध्यानात आलं बघ. लई शहाणी हाय."

साळूबाईला आता सोसलं नाही. "द्या ती दोरी इकडं. तिला मी चालवते, तुमी माझ्याशी बोला."

बन्सीनं दोरी तिच्या हातात दिली. मग त्यानं विचारलं, "गुडघा कवापासून दुखतो?"

"चार वर्षं झाली," साळूबाई म्हणाली.