हेल्वीच्या शेजारची जागा

आमच्या हापावारा गावात तळं गोठलं की रस्ता होतो. एरवी पलीकडच्या काठाला जायचं म्हणजे अख्ख्या तळ्याला वळसा. बर्फ धरला की नाकासमोर सरळ. पण हा रस्ता काही आपोआप होत नाही. वर पडलेलं हिम सारखं खरवडून काढावं लागतं, कारण ते म्हणजे गोधडी. गोधडीखाली बर्फ जाड होत नाही. जागोजागी गिरमिटाने भोकं पाडून जाडी बघावी लागते. आणि कडेने स्प्रूसची कोवळी झाडं रोवावी लागतात, म्हणजे हिमवादळात हाताला हात दिसत नसला तरी माणूस झाडाझाडाने घरी पोचतो. आमच्याकडे पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात: रस्ता बघू नकोस, झाडं बघ.

ती झाडं रोवायची हेल्वी. वडलांमागे रस्तेखात्याने तिला नेमलं तेव्हा गावच्या बाप्यांनी नाकं मुरडली होती. थोड्याच दिवसांत सगळ्यांची तोंडं बंद झाली. अंगाने काडी, पण अख्ख्या फिनलंडात असली फटकळ बाई सापडायची नाही. "हेल्वी, रस्ता कधी उघडतेस गं?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "बुडायची एवढी घाई असेल तर आत्ता जा की!" लग्न तिने केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या भावाला, तौनोला, तिनेच वाढवलं. जीव लावला तो त्याच्यावरच.

रस्ता उघडायची आमची एक रीत आहे. पहिल्या दिवशी रस्ता राखणाऱ्याने स्वतःची गाडी बर्फावर घालायची, सीटचा पट्टा सोडून, काचा खाली करून, आणि शेजारी आपल्या रक्ताचं माणूस बसवायचं. कायद्यात कुठे नाही हे. पण शेजारी रक्ताचं माणूस दिसलं की गाव समजतं, बर्फ पक्का आहे. हेल्वीच्या शेजारी दर साली तौनो बसायचा आणि काठावरच्या लोकांना टोपी हलवत जायचा, जसा काही नवरदेवच.

या तौनोचं तळ्यात घुसलेल्या भूशिरावर दुकान होतं. किराणा, कॉफी, बाहेर पेट्रोलचा पंप. रस्ता मात्र भूशिराला लांबून वळसा घालून जायचा, कारण तिथे खालून पाण्याला ओढ असते आणि बर्फाचा नेम नसतो.

"ताई, जरा आत घे ना रस्ता," तो मागे लागायचा. "लोक दारावरून जातील, चार गिऱ्हाइकं वाढतील."

"आणि लोक खाली गेले तर कॉफी कुणाला विकशील? माशांना?"

एरवी तो हेल्वी म्हणायचा, काम असलं की ताई. एवढं तरी तिच्या लक्षात यायला हवं होतं!

त्या वर्षी तिचा गुडघा धरला. तौनो रुसवा सोडून वेलदोड्याचा पाव घेऊन आला. म्हणाला, "तू शेक घेत बस ताई. शेवटच्या टप्प्याची भोकं मी पाडतो, झाडं मी रोवतो. वडलांचा मुलगा मीपण आहेच ना?" हेल्वीचे डोळे भरून आले. जगाला तोडून बोलणारी बाई, भावाच्या एका पावावर विरघळली!

संध्याकाळी येऊन त्याने सांगितलं, "झालं. प्रत्येक झाडापाशी भोक पाडलंय, चांगला दीड फूट बर्फ आहे. मधे एक चीर दिसली म्हणून ओळ जरा भूशिराकडे सरकवली."

"नीट बघितलंस ना?"

"माझ्यावर पण विश्वास नाही का तुझा?"

झालं. ती स्वतः तपासायला गेलीच नाही.

रस्ता उघडायच्या दिवशी तौनो गळ्याभोवती मफलर गुंडाळून काठावर उभा राहिला. अंगात ताप आहे म्हणाला. शेजारची जागा रिकामी बघून म्हाताऱ्या कुजबुजल्या, तशी हेल्वी डाफरली, "ताप त्याला आलाय, बर्फाला नाही!" लोक हसले. ती एकटीच निघाली. तौनोने काठावरून टोपी हलवली. तिची गाडी हलकी, निभावून गेली.

निभावलं नाही ते ओस्मोचं. हा आमचा दुधाचा ट्रक चालवणारा. हिम मी म्हणत होतं, आणि तो शहाण्यासारखा झाडं बघत चालला होता. भूशिरापाशी पुढची चाकं खाली गेली. दार उघडं ठेवायची सवय म्हणून उडी मारता आली, नाहीतर तोही ट्रकाबरोबर तळाला गेला असता. जीव वाचला; डाव्या हाताची दोन बोटं मात्र गारठून गेली.

हेल्वी लंगडत तिथे पोचली. पाडलेलं भोक पुन्हा गोठलं तरी त्याचा गोल डाग बर्फात राहतो. तिने एकेका झाडापाशी हिम बाजूला सारून पाहिलं. शेवटच्या सगळ्या टप्प्यात एकही डाग नव्हता. तौनोने गिरमिट लावलंच नव्हतं. आणि तो ताप कसला होता, तेही तिला तेव्हाच कळलं.

शाळेत सभा भरली. रस्तेखात्याच्या साहेबांनी विचारलं, "ही झाडं रोवली कुणी?"

हेल्वीने भावाकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. तौनो हातातली टोपी फिरवत म्हणाला, "झाडं दर साली ताईच रोवते. मी आपली गाडीतून उतरवून दिली."

 हेल्वी एवढंच म्हणाली, "रस्ता माझा होता." ओस्मोच्या बायकोने तिच्याकडे पाठ फिरवली, ती कायमची. रस्ता तिच्याकडून काढून घेतला आणि दिला कुणाला? तौनोला! का, तर वडलांचा मुलगा.

पुढच्या हिवाळ्यात रस्ता उघडायचा दिवस आला. सगळं गाव काठावर जमलं. तौनोला मूलबाळ नव्हतं. रक्ताचं माणूस म्हणजे हेल्वी एकटीच. त्याने गाडीचं दार उघडून धरलं. "ये ना ताई. लोक बघतायत."

हेल्वी गिरमिटाची काठी करून आली. "भोकं पाडलीस?"

"पाडली. शप्पथ!"

"गेल्या साली पण पाडली होतीस."

ओस्मोने मान वर केली आणि तौनोकडे बघतच राहिला.

"ताई, इथे नको," तौनो पुटपुटला.

"मग कुठे? तळ्याच्या तळाशी?" ती गावाकडे वळली. "बर्फ पक्का आहे. काल मी स्वतः झाडन्‌झाड तपासलंय. बिनघोर जा." मग भावाकडे बघून म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "पण मी तुझ्या शेजारी बसणार नाही. ओस्मोचं जे झालं ते तुझा हलगर्जीपणा म्हणून गिळलंही असतं. पण बर्फ कच्चा आहे हे तुला माहीत होतं रे, आणि तरी मला एकटीला पाठवलंस. वर टोपी हलवलीस!"

तिने दार लावून टाकलं. तौनो एकटाच निघाला. कुणी हात हलवला नाही.

गाडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत हेल्वी जागची हलली नाही. हाताने वाढवलेलं पोर, जीव टांगणीला लागायची सवय कुठे जाते? गाडी सुखरूप पोचलेली पाहिली, डोळे पुसले आणि घरी निघून गेली.